कालचा वाईट दिवस

धाकट्याचा वाईट दिवस नेहमी काल असायचा. फार तर परवा. आज कधीच नसायचा.

म्हणजे असं, की रोज सकाळी ताईचा फोन यायचा. बसमधून उतरून इस्पितळाच्या फाटकापर्यंत चालताना ती फोन करायची, त्यामुळे मागे गाड्यांचे हॉर्न आणि तिचा दम लागलेला आवाज. "कसं आहे रे?" ती विचारायची. "बरं आहे," तो म्हणायचा. आणि मग एखाद्या दिवशी, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगून टाकायचा, "परवा जरा जड गेलं गं. पण आता ठीक आहे." ताई म्हणायची, "अरे, मग परवाच का नाही सांगितलंस?" तो म्हणायचा, "तू कामात असतेस." झालं, विषय संपला. आग विझल्यावर बंब बोलावणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. हा पठ्ठ्या तेच करायचा, आणि वर आपण कुणाला त्रास देत नाही म्हणून स्वतःवर खूशही असायचा.

धाकटा हे नाव ताईचंच. चाळिशी उलटली, कानांवरचे केस पांढरे झाले, तरी हा धाकटाच. लग्न होता होता राहिलेलं, आईवडील कधीच गेलेले, दोन खोल्यांत एकटा राहायचा. कामाला होता कवळ्या बनवायच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, दोन खिडक्या, जिथे बघाल तिथे प्लास्टरची पांढरी पूड, आणि माणसं दोनच, मालक आणि हा. दातांचे डॉक्टर रोग्यांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. त्या ठशांत प्लास्टर ओतून ह्यांनी जबडे तयार करायचे, जबड्यांवर मेण चढवायचं आणि त्या मेणात एकेक दात रोवायचा. काम असं, की चांगलं झालं तर कुणाला पत्ताही लागत नाही. वाईट झालं तर माणूस जेवताना रडतो.

गेल्या वर्षी धाकटा आजारी पडला. ताप नाही, खोकला नाही, दाखवायला काही नाही. एके दिवशी कामावर गेला नाही, मग दुसऱ्या दिवशी गेला नाही, मग जाणंच सुटलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. दुसऱ्यांचे दात करण्यात जन्म गेला, आणि स्वतःचे घासायला उठवेना. शेजारीपाजारी म्हणाले, आळस आहे. भावोजी म्हणाले, जरा मन रमवायला हवं. ताई नर्स. ती काही म्हणाली नाही. तिनं त्याला उचलून डॉक्टरबाईंकडे नेलं आणि बाईंनी सांगितलं, ह्याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, औषध आहे, वेळ लागेल. मग ताईनं म्हातारपणासाठी राखून ठेवलेली सगळी रजा त्याच्या खोलीत घालवली. त्याला भरवलं, न्हाऊ घातलं, गोळ्या हातावर ठेवल्या आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. चाळिशीच्या बाप्याला बहिणीनं डोक्यावर पाणी ओतून आंघोळ घालावी, ह्याची त्याला अजून इतकी लाज वाटायची, की आठवलं की जिथे असेल तिथे डोळे मिटून घ्यायचा.

आता तो बरा होत होता. खरंच होत होता. कामावर परत जात होता, डबा करून नेत होता, मालकाच्या पांचट विनोदांवर हसतही होता. पण लोकांना वाटतं, बरा झाला म्हणजे झाला, पाटी कोरी. तसं नसतं हो. चांगल्या आठवड्याच्या मधोमध, काही घडलेलं नसताना, एक दिवस उगवायचा आणि त्याच्या छातीवर बसायचा. डॉक्टरबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. "असे दिवस येणार. ते आले म्हणजे आजार परत आला असं नाही. त्या दिवशी कामं लहान लहान करायची, मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, आणि एका तरी माणसाला सांगायचं. त्याच दिवशी सांगायचं." सगळं त्यानं मनापासून पाळलं. शेवटचं तेवढं आपल्या सोयीनं वाकवून घेतलं.

आणि अशात ताईला बोलावणं आलं.

रात्रभराच्या प्रवासाइतक्या दूरच्या शहरात एक मोठं इस्पितळ होतं, त्यांच्याकडे नर्सिंगची शाळा निघत होती, आणि शाळा चालवायला त्यांना ताई हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली राबलेली बाई ती. पोरींना शिकवायची तिला भारी हौस. स्वयंपाक करतानासुद्धा ती शेजारच्या सुनेला बँडेज कसं बांधायचं ते सांगायची. भावोजी निवृत्त झालेले, त्यांना कुठेही वर्तमानपत्र मिळालं की पुरे. अडचण एकच होती, आणि ती दोन खोल्यांत एकटी राहत होती.

त्याच संध्याकाळी ताई आली, पायरीवर चपला काढता काढताच सगळं सांगून मोकळी झाली आणि म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय. तू सांग. जाऊ का मी?"

"जा की! हे काय विचारणं झालं?" धाकटा म्हणाला. तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. नर्स रोग्याच्या तोंडातून थर्मामीटर काढून बघते ना, तसं. "घाई नाही," ती म्हणाली. "उद्या कामावरून इकडेच येते. तेव्हा नीट सांग."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाईट दिवस उगवला.

डोळे उघडले तेव्हाच त्याला कळलं. अंगावरचं पांघरूण ओल्या वाळूचं झालं होतं. खिडकीतून ऊन आलं होतं, खाली कुणीतरी सायकलीत हवा भरत होतं, सगळं जिथल्या तिथे होतं, आणि त्यातलं काहीएक त्याच्यासाठी नव्हतं. ताई जाणार म्हणून असं झालं, की असं व्हायचंच होतं आणि नेमकं आज झालं? त्यानं थोडा वेळ विचार केला आणि सोडून दिला. वाईट दिवसाकडे कारण मागितलं की तो पन्नास देतो, आणि सगळी खरी वाटतात.

मग त्यानं लहान कामं सुरू केली. आधी एक पाय खाली. मग दुसरा. आंघोळ होणार नाही, हे मान्य करून टाकलं. तोंड आणि पाय धुतले. दात घासले, वरचेच, खालच्यांना म्हणाला, तुमचं नंतर बघू. मोजे पलंगावर बसून घातले आणि एक घातल्यावर दुसरा हातात धरून कितीतरी वेळ तसाच बसला. गोळी घेतली. दुधात ब्रेड बुडवून उभ्याउभ्या खाल्ला, कारण बसलो तर उठणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं.

फोन वाजला. हॉर्न, आणि ताईचा दम लागलेला आवाज.

"कसं आहे रे?"

आता बघा, सांगायला काय लागतं? दोन शब्द. पण धाकट्याच्या मनात कालपासून तागडी लावलेली होती. आज वाईट आहे म्हटलं की ताई जाणार नाही. जाणारच नाही, तिचा स्वभाव त्याला माहीत होता. ती फोन करून नकार कळवील, "मलाच नको होतं रे, म्हातारपणी कुठे नवा संसार," असं म्हणेल, आणि मरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढणार नाही. एक वर्ष तिचं खाल्लंच आहे आपण, आता उरलेलंही खायचं? आणि ह्या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती त्याला स्वतःशीही नीट बोलवत नव्हती. तिनं जाऊ नये असं त्याला वाटत होतं. इतकं वाटत होतं, की ते तोंडातून निसटेल ह्या धास्तीनं त्यानं तोंडच घट्ट मिटून घेतलं होतं.

"बरं आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की गं. मस्त आहे."

मस्त हा शब्द जरा जास्तच झाला, हे त्यालाही कळलं. पण फाटक आलं असावं, ताईनं फोन ठेवला.

कारखान्यात तो वेळेवर पोचला. मालक कुठल्याशा डॉक्टरशी फोनवर हुज्जत घालत होता, त्यानं मानेनंच काम दाखवलं. गाण्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांची वरची कवळी. वरचे सगळे दात गेलेले, खालचे अजून स्वतःचे. उद्या सकाळी त्या डॉक्टरांकडे मेणातले दात तोंडात लावून बघणार होत्या. लग्न होतं भाचीचं की कुणाचं, तिथे त्यांना गायचं होतं, म्हणून डॉक्टरांनी दोनदा फोन केला होता.

धाकट्यानं फळीवरून जबडे उतरवले. वरचा प्लास्टरचा जबडा, खालचा प्लास्टरचा जबडा, आणि मध्ये ठेवायची मेणाची चकती, जिच्यावर बाईंनी डॉक्टरांसमोर चावा घेतलेला असतो. ती चकती मध्ये धरून दोन्ही जबडे एका लहानशा यंत्रावर बसवायचे. यंत्राला मागे बिजागरी असते, त्यामुळे तोंड उघडमिट झाल्यासारखे जबडे हलतात आणि वरचा दात खालच्यावर कसा टेकेल ते कळतं. हे काम तो झोपेतही करू शकला असता. त्या दिवशी जवळजवळ तसंच केलं.

खालचा जबडा मेणात बसेना. थोडा डुगडुगायला लागला. मेण आक्रसलं असेल, तो मनाशी म्हणाला, कधीकधी होतं तसं. सुरीनं त्यानं मेणाचा काठ कोरला. तरी बसेना. आणखी कोरला. मग बसला. मग त्यानं दात रोवायला घेतले, समोरचे आधी, मग सुळे, मग दाढा. त्याच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. "जा ताई, मी अगदी ठणठणीत आहे." नाही, ठणठणीत नको. "जा ताई, मला तुझा अभिमान आहे." हे बरं. हे बोलताना हसायचं. दात रोवता रोवता तो ते वाक्य घोटत राहिला, आणि हात आपले आपण चालत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला आणि मिटला. मालक तोंडात घास घेऊनच त्याच्या टेबलाशी आला, यंत्र उचललं, डोळ्यांशी नेलं, उघडमिट करून बघितलं. टक, टक, टक. एकेक दात खालच्यावर बरोब्बर टेकत होता.

"वा!" मालक म्हणाला. "काय बसलेत रे! हात परत आला हं तुझा. मी म्हणत नव्हतो?"

वर्षभरात मालकानं पहिल्यांदा कौतुक केलं होतं. धाकट्यानं यंत्र परत हातात घेतलं, आणि कौतुक झालेली वस्तू माणूस जसा पुन्हा एकदा बघतो तसं बघितलं. खालच्या जबड्याच्या समोरच्या दोन दातांत बारीकशा खाचा होत्या. शेजारी शेजारी, गुळगुळीत झिजलेल्या. अशा खाचा त्यानं आधीही पाहिल्या होत्या. जी माणसं वर्षानुवर्षं दातांत खिळे धरून काम करतात, त्यांच्या दातांना अशा खाचा पडतात.

गाण्याच्या बाई कशाला दातांत खिळे धरतील?

त्यानं जबडा उलटा केला. बुडाला कोरलेला रोग्याचा आकडा दुसराच होता. त्याच फळीवर एका सुताराचे जबडे होते, आणि सुताराचा खालचा जबडा त्यानं बाईंच्या वरच्या जबड्याला जोडला होता. मेण आक्रसलं नव्हतं. मेण बिचारं सकाळपासून ओरडून सांगत होतं, हा माझा माणूस नाही, हा माझा माणूस नाही, आणि ह्यानं सुरी घेऊन त्याचं तोंड बंद केलं होतं. दात एकमेकांवर सुरेख बसले होते. पण तसं तोंड जगात कुणालाच नव्हतं.

धाकट्यानं मान वर केली. मालक पाठमोरा होऊन तोंड धूत होता. काहीही म्हटलं नाही तरी चालणार होतं. यंत्र कपाटात ठेवायचं, उद्या पहाटे लवकर येऊन गुपचूप सगळं पुन्हा करायचं, आणि मग पुढच्या आठवड्यात कधीतरी हसत हसत सांगायचं, "मालक, त्या दिवशी काय गंमत झाली होती माहितीये?" सगळं कसं त्याच्या नेहमीच्या वळणाचं. फक्त उद्या पहाटे उठवेल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. आणि नाही उठवलं, तर ती बाई खुर्चीवर बसेल, मोठ्या आशेनं आ करील, दात बसवून घेईल, तोंड मिटेल, आणि काहीच कशाला टेकणार नाही.

"मालक," तो म्हणाला. नळाच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "मालक, चूक झालीय. खालचा जबडा सुताराचा आहे."

मालकाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. त्यानं येऊन बघितलं, बुडाचा आकडा बघितला, कोरलेलं मेण बघितलं, आणि मग जे काय तोंड सोडलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. प्लास्टरपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. धाकटा खाली मान घालून उभा राहिला.

"अरे, सुताराशी लग्न लावतोस काय बाईंचं? न विचारता, न सवरता?" मालक शेवटी म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदानं थोडा निवळला. "शिकाऊ पोरगंसुद्धा आकडा बघतं रे. झालंय काय तुला?"

"आज दिवस बरा नाही माझा," धाकटा म्हणाला. "म्हणजे, तो आजार. आज सकाळपासून वाईट आहे."

बोलला, आणि कानशिलं तापली.

मालकानं टॉवेलनं तोंड पुसलं, चांगलं रगडून पुसलं. "मग सकाळी आल्या आल्या सांगायला काय दातखीळ बसली होती?" तो खेकसला. "सांगितलं असतंस तर हे माझ्याकडे घेतलं असतं. तुला कवळ्या घासायला बसवलं असतं. घासायची ढीगभर कामं पडलीत. बायकोची पाठ धरते त्या दिवशी ती सांगते, मग पाण्याच्या बादल्या मी उचलतो. ती बिचारी उचलत बसली आणि पडली, तर दोघांचं नुकसान. इतकं साधं आहे." मग यंत्र ओढून घेत म्हणाला, "आण इकडे. मी करतो. तू मोटरवर बस. आणि डबा खा आधी, वास मारायला लागेल."

धाकट्यानं डबा खाल्ला. चव नव्हती, पण खाल्ला. मग संध्याकाळपर्यंत तो घासायच्या मोटरवर बसला. तयार कवळ्या फिरत्या ब्रशवर धरायच्या आणि चकाकेपर्यंत घासायच्या, त्यात चुकायला काही नव्हतं. मोटरच्या घरघरीत मनातली वाक्यंही ऐकू येत नव्हती. दिवस काही सुधारला नाही, छातीवरचं ओझं तसूभर हललं नाही. पण आता खोलीत आणखी एका माणसाला ते माहीत होतं, आणि तो माणूस मधूनमधून मान वळवून बघत होता आणि बघितलं नाही असं दाखवत होता.

घरी आला तेव्हा ताई पायरीवर बसली होती. इस्पितळाचाच गणवेश, मांडीवर पिशवी. धाकट्यानं कुलूप उघडलं. आत सकाळची भांडी तशीच, पलंगावर पांघरुणाचा बोळा. तिनं ते सगळं एका नजरेत बघून घेतलं. वाक्य तयार होतं. जा ताई, मला तुझा अभिमान आहे. हसूसुद्धा तयार होतं.

"बोल," ताई म्हणाली. "काय ठरलं तुझं?"

धाकट्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, "ताई, आज वाईट आहे."

"काय?"

"आज. सकाळपासून. काल नाही, परवा नाही. आज, आत्ता."

ताईच्या हातातली पिशवी हातातच राहिली. "म्हणजे सकाळी फोनवर..."

"खोटं बोललो."

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि लगेच नर्स झाली. "गोळी घेतलीस?"

"घेतली."

"जेवलास?"

"मालकानं खायला लावलं."

"जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं काही मनात येतंय? खरं सांग."

"नाही गं. खरंच नाही. नुसतं जड आहे. आणि एकटं वाटतंय. फार एकटं वाटतंय, ताई."

ताईनं त्याचा हात धरला. धाकटा वाट बघत राहिला. आता ती म्हणेल, नाही जात मी. ते ऐकायला तो इतका आसुसला होता, आणि ते ऐकायची त्याला इतकी भीती वाटत होती, की तिच्याकडे बघवेना.

तिनं दुसऱ्या हातानं पिशवीतून फोन काढला. नंबर लावला. "हो, मीच बोलतेय," ती म्हणाली, तिच्या कामाच्या आवाजात. "माझं ठरलंय. मी येतेय. हो, पुढच्या महिन्यात. थँक्यू." आणि फोन ठेवला.

धाकट्याला वाटलं, आपलं ऐकण्यात चुकलं. "अगं, मी आत्ता तुला काय सांगितलं? आज वाईट आहे म्हणून सांगितलं ना?"

"म्हणून तर!" ताई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गेल्या वर्षभरात ती त्याच्यासमोर एकदाही रडली नव्हती. "मेल्या, काल तू 'जा की' म्हणालास ना, तेव्हाच मी नकार द्यायचं ठरवलं होतं. तुझ्या भावोजींना सांगूनही टाकलं होतं. तुझ्या त्या 'बरं आहे'वर तुला सोडून कशी जाऊ? तुझा वाईट दिवस नेहमी काल. मला कधी दिसायचाच नाही. सगळं झाल्यावर बातमी. रोज फोन लावताना मी घाबरलेली असायचे, माहितीये? वाटायचं, एखादा दिवस असा उजाडेल की त्याचा काल होणारच नाही. मग मला कोण सांगणार होतं?"

धाकटा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"वाईट दिवसांना मी भीत नाही रे," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसायला गेली, मग गणवेशाला पदर नाही हे लक्षात येऊन बाहीनंच पुसलं. "ते येतातच. तिथून फोनवर काय, इथे येऊन काय, बघू आपण. पण मला कळायला नको?"

"मला वाटलं, सांगितलं की तू राहशील."

"हं."

"मला... तू जाऊ नयेस असं वाटतंय, ताई." शेवटी ते निसटलंच.

"ठाऊक आहे मला," ताई म्हणाली. तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला, पण राहते असं म्हणाली नाही.

धाकटाही रडला. चांगला हमसून रडला. तिनं रडू दिलं. मग उठून भांडी घासली, पांघरुणाची घडी घातली, तो नको नको म्हणत असताना दूध गरम करून त्याच्यासमोर ठेवलं. बाहेर दिवे लागले. भावोजींचा फोन येऊन गेला. ताईनं पिशवी उचलली, दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "येते मग. शेवटची बस जाईल."

एरवी धाकटा म्हणाला असता, ये, सांभाळून जा. तेच तोंडावर आलं होतं.

"ताई," तो म्हणाला. "बस ना गं अजून जरा."

जन्मात कधी त्यानं तिला असं म्हटलं नव्हतं. आजारपणातही नाही. तेव्हा ती स्वतःहून बसायची आणि तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

ताईनं चपला काढल्या. भावोजींना कळवलं, रिक्षानं येईन, तुम्ही जेवून घ्या. आणि परत खुर्चीवर येऊन बसली. बोलण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं आणि तिनं उकरून काढलं नाही. दुधावर साय धरली, ती त्यानं चमच्यानं बाजूला केली. खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. दिवस शेवटपर्यंत वाईटच राहिला, आणि ताई त्यात बसून होती.